उपम्याची किंमत

उपमा हा काही स्पर्धेत मांडायचा पदार्थ आहे का? रवा तांबूस भाजायचा, मोहरी, उडदाची डाळ, मिरची, कढीपत्ता यांची फोडणी करायची, आधणाचं पाणी ओतायचं आणि झाकण ठेवून एक वाफ काढायची. घरात दुसरं काही नसलं, पाहुणा न कळवता आला किंवा गृहिणीला कंटाळा आला की होणारा हा पदार्थ. ‘काही नाही, उपमाच केलाय,’ असं म्हणतच तो पुढे ठेवला जातो. त्या ‘च’मध्ये त्याची सगळी सामाजिक प्रतिष्ठा सामावलेली आहे.

जून २०११ मध्ये अमेरिकेतल्या ‘टॉप शेफ मास्टर्स’ या दूरचित्रवाणीवरच्या स्पर्धेची अंतिम फेरी दाखवली गेली. स्पर्धक म्हणजे नवशिके नव्हेत. आपापल्या शहरात नाव मिळवलेले मुरलेले आचारी. शेवटच्या फेरीत आपल्या आयुष्यातल्या आठवणींवर जेवण उभं करायचं होतं. मुंबईत जन्मलेल्या एका स्पर्धकाने परीक्षकांपुढे उपमा ठेवला. त्यात रानातली अळंबी होती, नारळाचं दूध होतं आणि आंबटपणाला चक्क आपलं कोकम होतं. परीक्षकांना समजावं म्हणून त्याने नावात मक्याच्या इटालियन लापशीचं, ‘पोलेन्टा’चं शेपूट जोडलं होतं एवढंच. बाकी उपमा तो उपमाच. तो गृहस्थ स्पर्धा जिंकला. बक्षिसाची एक लाख डॉलरची रक्कम स्पर्धेच्या रिवाजाप्रमाणे सत्कार्याला द्यायची होती. ती त्याने कर्करोगावर संशोधन करणाऱ्या तरुण शास्त्रज्ञांच्या निधीला दिली.

त्याचं नाव फ्लॉइड कार्डोझ. न्यूयॉर्कमधल्या खवय्यांना ते नाव त्याआधी बारा-तेरा वर्षं ठाऊक होतं. मुंबईकरांना त्यांची ओळख व्हायला आणखी चार वर्षं जावी लागली. आणि घराघरांत त्यांचं नाव पोहोचलं ते मार्च २०२० मध्ये, वर्तमानपत्रांतल्या मृत्यूच्या बातमीने. वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, करोनाने.

आज त्यांच्याविषयी लिहावंसं वाटलं, त्याचं कारण केवळ ‘आपला मुंबईचा मुलगा अमेरिकेत गाजला’ हे नाही. असे पुष्कळ आहेत आणि त्यांचं कौतुकही पुष्कळ होतं. या माणसाने आयुष्यभर एका प्रश्नाशी झुंज घेतली आणि तो प्रश्न तुमच्या-माझ्या स्वयंपाकघरातला आहे. आपल्या रोजच्या अन्नाला आपण किंमत का देत नाही? फ्रेंच माणसाचा कांद्याचा रस्सा पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथवर जातो, इटालियन माणसाची लापशी जाते. मग आपला उपमा, आपलं कोकम, आपली ज्वारी तिथे का जात नाही?

कादंबरीने बिघडवलेला मुलगा

कार्डोझ यांचा जन्म मुंबईतला, १९६० सालचा. घराणं मूळ गोव्याचं. गोव्याच्या माणसाचं आणि स्वयंपाकाचं नातं या शहराने पिढ्यान् पिढ्या पाहिलं आहे. इंग्रजांच्या बोटींवर आचारी आणि वाढपी म्हणून गोवेकरांचा लौकिक होता. दोन सफरींच्या मधल्या काळात हे दर्यावर्दी धोबीतलाव-गिरगावच्या बाजूला गावोगावच्या ‘कूडां’मध्ये मुक्काम करत. गावाच्या नावाने चालणारी ही राहण्याची क्लबं, भिंतीशी ओळीने मांडलेल्या पेट्या, एका कोपऱ्यात देव्हारा. त्या पेट्यांच्या मालकांनी साऱ्या जगाला जेवू घातलं; पण कोणाचं नाव कुठल्या मेन्यूकार्डावर छापलं गेलं नाही. आचारी हा नोकर. मालक वेगळा, साहेब वेगळा.

कार्डोझ यांनी महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राचा अभ्यास केला होता. त्या काळच्या मध्यमवर्गीय घराला समाधान वाटावं असा तो रस्ता होता. वाटेत त्यांच्या हाती आर्थर हेली यांची ‘हॉटेल’ ही कादंबरी पडली. न्यू ऑर्लिन्समधल्या एका मोठ्या हॉटेलची ही गोष्ट, १९६५ साली प्रसिद्ध झालेली. हेली यांची खासियत अशी की, एखादा व्यवसाय घ्यायचा आणि त्याचं आतलं यंत्र वाचकापुढे उघडून ठेवायचं. आमच्या पिढीने या कादंबऱ्या लायब्ररीत नंबर लावून वाचल्या आहेत. आम्ही वाचल्या आणि परत केल्या. कार्डोझ यांनी मात्र ती वाचून शास्त्राला रामराम ठोकला आणि हॉटेलचा रस्ता धरला. आपणच पुढे अनेकदा सांगितलेली ही हकीकत. कादंबरीने एखाद्याचं आयुष्य बदललं असं ऐकलं की माझ्यासारख्या लिहिणाऱ्याला बरं वाटतं. आई-वडिलांना काय वाटत असेल, ते वेगळं!

मुंबईत दादरला केटरिंग कॉलेज होतंच. १९५४ साली लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली ही संस्था देशातली या प्रकारची पहिली. तिथून कार्डोझ स्वित्झर्लंडला ‘ले रोश’ या हॉटेल-शिक्षणसंस्थेत गेले. युरोपातल्या त्या शिक्षणात फ्रेंच पाककला म्हणजे व्याकरण. तिचे नियम असतात, नावं असतात, श्रेणी असते. आपल्याकडे आजीच्या हाताला चव असते. पण त्या चवीचं शास्त्र कोणी मांडलेलं नसतं आणि ‘अंदाजाने’ या एका शब्दावर सगळी विद्या पुढच्या पिढीकडे जाते. जीवरसायनशास्त्र शिकलेल्या मुलाला हा फरक डाचला असला तर नवल नाही.

न्यूयॉर्कचा वनवास

१९८०च्या दशकाच्या अखेरीस कार्डोझ न्यूयॉर्कला पोहोचले. सुरुवातीला एका भारतीय रेस्टॉरंटमध्ये काम केलं. पुढे सेंट रेजिस या हॉटेलातल्या ‘लेस्पिनास’मध्ये त्यांना खालच्या पायरीवर जागा मिळाली. लेस्पिनासचे मुख्य शेफ होते ग्रे कुन्झ. जन्म सिंगापूरचा, शिक्षण स्विस, हात फ्रेंच आणि जीभ आशियाई. फ्रेंच पद्धतीच्या जेवणात चिंच, आलं, गवती चहा यांचा वापर लोकांना धक्का न देता कसा करायचा, हे या माणसाने दाखवून दिलं. १९९४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने लेस्पिनासला चार तारे दिले. त्या वर्तमानपत्राच्या पट्टीवर चारच्या वर काही नाही.

या स्वयंपाकघरात कार्डोझ वर्षानुवर्षं राबले आणि मुख्य शेफच्या खालच्या पदापर्यंत, एक्झिक्युटिव्ह सू-शेफपर्यंत चढले. मला त्यांच्या आयुष्यातला हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कारण तिथे त्यांना कळलं की, मसाला ही तिखटजाळपणाची गोष्ट नाही. तो फ्रेंच सॉसइतकाच नाजूक असू शकतो. मोहरी तडतडू द्यायची की नुसती फुलू द्यायची, धणे भाजायचे की कच्चे कुटायचे, कोकम केव्हा घालायचं आणि केव्हा काढून घ्यायचं, यात हिशेब आहे. आपल्या आया-आज्या हा हिशेब रोज करत असतात. फक्त त्याला कोणी ‘तंत्र’ म्हणत नाही.

मॅडिसन चौकातला तबला

त्याच सुमाराला न्यूयॉर्कमध्ये डॅनी मेयर या रेस्टॉरंटवाल्याचं नाव वर येत होतं. १९८५ मध्ये ‘युनियन स्क्वेअर कॅफे’, १९९४ मध्ये ‘ग्रामर्सी टॅव्हर्न’. दोन्ही यशस्वी. मॅडिसन स्क्वेअर पार्कसमोर एका विमा कंपनीच्या जुन्या भव्य इमारतीत त्यांनी १९९८ मध्ये एकाच वेळी दोन रेस्टॉरंटं काढली. एक ‘इलेव्हन मॅडिसन पार्क’ आणि त्याला लागून दुसरं, ‘तबला’. तबल्याचं स्वयंपाकघर त्यांनी कार्डोझ यांच्या हाती सोपवलं.

दोन मजले होते. वरच्या मजल्यावर उंची जेवण, एकामागून एक येणारे पदार्थ, ठरीव किमतीचं. खाली ‘ब्रेड बार’; तिथे तंदूर, गरम गरम रोट्या, घरगुती वळणाचे पदार्थ आणि बेताच्या किमती. दोन मजल्यांच्या मध्ये गोल मोकळी जागा ठेवलेली, म्हणजे वरच्याला खालची वर्दळ दिसे. डग्गा आणि तबला म्हणा हवं तर.

कार्डोझ यांनी तिथे ‘भारतीय पदार्थ’ आयात केले नाहीत. त्यांनी जवळच्या युनियन स्क्वेअरच्या शेतकरी बाजाराकडे पाहिलं. १९७६ पासून भरणाऱ्या या बाजारात आसपासचे शेतकरी आपला माल घेऊन येतात. तिथल्या ऋतूत तिथे पिकलेली भाजी, तिथल्या समुद्रातली मासळी आणि तिच्यावर संस्कार आपल्या मसाल्यांचा. खेकड्याच्या मांसाची गोव्याच्या वळणाची टिक्की हा त्यांचा सगळ्यांत गाजलेला पदार्थ. सोबत पापड आणि चिंचेची चटणी. गंमत पाहा. पापड आणि चिंचेची चटणी या वस्तूंकडे आपण कधी दुसऱ्यांदा वळून पाहत नाही. मॅडिसन चौकातली माणसं त्यासाठी आठवडाभर आधी टेबल राखून ठेवत होती.

१९९९ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या समीक्षक रूथ राइकल यांनी तबल्याला तीन तारे दिले. भारतीय चवीच्या रेस्टॉरंटला त्या शहरात असा मान मिळणं ही तेव्हा मोठी घटना होती. भारतीय जेवण म्हणजे सहाव्या रस्त्यावर, लाल दिव्यांच्या माळांखाली, स्वस्तात पोटभर मिळणारी लाल-पिवळी आमटी, हा तिथला समज होता. त्या समजाला पहिला तडा तिथे गेला.

आणि तरीही डिसेंबर २०१० च्या अखेरीस तबला बंद झाला. बारा वर्षांनी.

शिल्लक पाच रुपये

इथे मला कादंबरीकाराची टोपी उतरवून जुन्या बँक अधिकाऱ्याची टोपी घालायला हवी.

बँकेत कर्जाचे प्रस्ताव पाहताना हॉटेलचा कागद आला की भल्याभल्यांच्या कपाळाला आठ्या पडत. कारखानदाराचा माल गोदामात असतो. आम्ही जाऊन तो मोजतो, त्यावर नजरगहाण करून कॅश क्रेडिट देतो आणि दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट मागतो. हॉटेलवाल्याचा माल म्हणजे कोथिंबीर, मासळी आणि दूध. सोमवारी मोजलेला माल मंगळवारी कचऱ्यात! जागा बहुधा भाड्याची. टेबल-खुर्च्या, शेगड्या विकायला काढल्या तर भंगाराचा भाव. राहता राहिलं नाव. नाव ही खरी मालमत्ता. पण ते तारण ठेवता येत नाही. आणि ज्याच्या हाताला ते नाव आहे तो शेफ रोज रात्री अंगरखा खुंटीला लावून घरी जातो; उद्या येईलच याची हमी नाही.

उंची रेस्टॉरंटचं ढोबळ गणित साधारण असं असतं. शंभर रुपयांच्या बिलातले तीसेक रुपये कच्च्या मालाला जातात. तीस-पस्तीस पगाराला. दहाच्या आसपास भाड्याला. मग वीज, गॅस, धुलाई, फुटलेल्या बशा, कर, कर्जाचा हप्ता. शेवटी मालकाच्या हातात पाच-सात रुपये राहिले तर तो सुखी म्हणायचा. शिवाय, आज रात्री रिकामी राहिलेली खुर्ची उद्या दुप्पट विकता येत नाही. ती कोथिंबिरीहून लवकर नासते.

तबल्यात अशा अडीचशेहून अधिक खुर्च्या होत्या. २००८ मध्ये अमेरिकेत मंदी आली, कंपन्यांच्या मेजवान्या बंद झाल्या. एवढ्या खुर्च्या रोज भरणं कठीण झालं. मेयर यांनी काढलेलं आणि बंद करावं लागलेलं हे पहिलंच रेस्टॉरंट. मात्र त्यांनी सप्टेंबरातच ते जाहीर केलं, म्हणजे नोकरांना दुसरीकडे जागा शोधायला वेळ मिळाला. सर्वांत आधी आपली माणसं, मग गिऱ्हाईक आणि सर्वांत शेवटी भांडवल घालणारा, हा क्रम या माणसाने आपल्या पुस्तकात मांडून ठेवला आहे. आमच्या बँकेच्या भाषेत हा क्रम अगदी उलटा. पण वाचून आदर वाटला.

मंदी हे कारण झालं. त्याच्या खाली आणखी एक कारण आहे. न्यूयॉर्क विद्यापीठात शिकवणारे कृष्णेंदु राय यांनी २०१६ च्या आपल्या पुस्तकात परदेशी जेवणाच्या किमतींचा अभ्यास मांडला आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : कोणत्या देशाच्या जेवणाला गिऱ्हाईक किती पैसे मोजतो, हे त्या जेवणातल्या कष्टावर किंवा चवीवर ठरत नाही. त्या देशाची जगातली पत काय आणि तिथून आलेली माणसं कोणती कामं करतात, यावर ते ठरतं. फ्रेंच जेवण महाग, जपानी जेवण जपान श्रीमंत झाल्यावर महाग. भारतीय जेवण मात्र स्वस्तच असलं पाहिजे. तेवढेच मसाले, तेवढेच तास, तेवढेच कुशल हात, तेच भाडं. पण बिलावर आकडा चढला की गिऱ्हाइकाच्या भुवया चढतात.

या गोष्टीला जोडून एक योगायोग सांगतो. तबल्याच्या समोरच्या त्याच बागेत मेयर यांनी २००१ मध्ये पावात सॉसेज घालून विकणारी एक गाडी लावली. २००४ मध्ये तिचं छोटं दुकान झालं, त्याला ‘शेक शॅक’ नाव मिळालं. बर्गर आणि दुधाचं शेक. २०१५ मध्ये ती कंपनी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात दाखल झाली आणि आज तिची दुकानं जगभर आहेत. एका बाजूला बारा वर्षं नावाजलेलं आणि बंद पडलेलं स्वयंपाकघर, रस्त्यापलीकडे गाडीवरून शेअर बाजारात गेलेला बर्गर. बँकेने कोणाला कर्ज द्यायला हवं होतं, हे कळायला वेळ लागत नाही. पण कोणाच्या हातचं जेवण लोकांच्या आठवणीत राहिलं, हा प्रश्न कर्जाच्या अर्जात नसतो.

‘अहो, ज्वारीसाठी इथवर आलो?’

तबला बंद झाल्यावर सहा महिन्यांच्या आत कार्डोझ यांनी उपम्यावर ती स्पर्धा जिंकली. त्यानंतर न्यूयॉर्कमध्ये त्यांनी आणखी काही स्वयंपाकघरं सांभाळली. २०१६ मध्ये स्वतःचं ‘पाववाला’ काढलं, २०१८ मध्ये त्याचं ‘बॉम्बे ब्रेड बार’ केलं. २०१९ मध्ये तेही बंद झालं. पण त्याआधीच त्यांचा एक पाय मुंबईत पडला होता. समीर सेठ आणि यश भानगे या दोन तरुणांबरोबर त्यांनी फेब्रुवारी २०१५ मध्ये लोअर परळच्या कमला मिलच्या आवारात ‘बॉम्बे कॅन्टीन’ सुरू केलं. युनियन स्क्वेअरच्या बाजारात शिकलेला धडा त्यांनी इथे गिरवला. जे इथे पिकतं, ज्या ऋतूत पिकतं, ते घ्यायचं. परदेशातून ॲस्परॅगस मागवण्यापेक्षा आपल्या बाजारातल्या पालेभाज्या, कंद, ज्वारी-बाजरी यांना टेबलावर मान द्यायचा.

आमच्या सूनबाई एकदा आम्हा दोघांना तिथे घेऊन गेल्या. मेन्यूकार्डावर सातू आणि ज्वारीचं सॅलड होतं. आमच्या सौ. सोलापूरकडच्या. त्यांनी चष्मा वर-खाली करून ती ओळ दोनदा वाचली आणि हळू आवाजात मला म्हणाल्या, “अहो, ज्वारीसाठी इथवर आलो?” सूनबाईंनी हसून तेच मागवलं. बशी आली, सौ.नी एक घास घेतला आणि थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग वाढणाऱ्या मुलाला विचारलं, “ज्वारी किती तास भिजवता?” तो मुलगा आत जाऊन विचारून आला. मग घराकडे परतताना टॅक्सीत मला जे ऐकायला मिळालं, ते असं : हुरड्याच्या दिवसांत त्यांची आजी काय काय करायची, कोणती ज्वारी कशाला चालते, माहेरच्या शेतातल्या कणसांचा रंग कसा होता. चाळीस वर्षांच्या संसारात यातलं निम्मं मी पहिल्यांदा ऐकत होतो. मी विचारलं नव्हतं म्हणून त्यांनी सांगितलं नव्हतं. एका पांढऱ्या बशीने ते विचारलं.

तिथे ‘एग्ज केजरीवाल’ही मिळतं. पावाच्या भाजलेल्या तुकड्यावर चीज आणि मिरची, वर तळलेलं अंडं. विलिंग्डन क्लबात येणाऱ्या एका शाकाहारी घरातल्या व्यापाऱ्याची ही आवड, असं मुंबईत सांगतात. घरी अंडं चालत नसे, म्हणून क्लबात! कार्डोझ यांनी हा पदार्थ न्यूयॉर्कलाही नेला. या शहराच्या सोवळ्या-ओवळ्याच्या गमती त्यांना नेमक्या ठाऊक होत्या.

लोअर परळ हा पत्ता मात्र मला अस्वस्थ करतो. याच गिरणगावात एके काळी लाखो कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळी होत्या. खानावळ म्हणजे दहा बाय बाराची खोली, एक बाई आणि दोन वेळच्या पंधरा-वीस जणांच्या चपात्या. कामगार पगार झाल्यावर पैसे देणार. वाणी मात्र उधारीवर व्याज लावणार. कोकण-घाटावरून आलेल्या या बायका पहाटेपासून राबत आणि तरी कर्जात असत. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना एकत्र करून ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ उभं केलं आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. प्रेमाताईही मूळच्या गोव्याच्या, गोवामुक्तीच्या लढ्यातल्या. त्यांचे यजमान दादा पुरव हे आम्हा बँकवाल्यांच्या चळवळीतले मोठे नेते. या बायकांकडे तारण काय, तर हाताची चव आणि शब्द. ती कर्जं फिटली, हे बँकांच्या इतिहासातलं एक सोनेरी पान आहे.

१९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, खानावळीही गेल्या. गिरणीच्या आवारात आता ‘कॅन्टीन’ नावाचं उंची रेस्टॉरंट आहे. हे बघून कोणी रागावलं तर मी त्याला चूक म्हणणार नाही. पण मला त्यात एक धागाही दिसतो. खानावळवाल्या बाईच्या भाकरीला जी किंमत कधी मिळाली नाही, तीच किंमत त्या भाकरीच्या धान्यासाठी मागायला कोणीतरी उभं राहिलं. उशिरा, वेगळ्या गिऱ्हाइकापुढे; पण उभं राहिलं.

चोवीस मार्च

२०१७ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात, बँकांच्या मुख्यालयांच्या गर्दीत, याच मंडळींनी ‘ओ पेद्रो’ काढलं. गोव्याचं जेवण, तिथेच भाजलेली पोई. घराण्याचं ऋण फेडावं तसं. २०२० च्या सुरुवातीला भायखळ्याला त्यांचं मिठाईचं दुकान आकाराला आलं. त्या निमित्ताने कार्डोझ मुंबईत होते. आठ मार्चला ते फ्रँकफुर्टमार्गे अमेरिकेला परतायला निघाले. पुढच्या आठवड्यात ताप आला. अठरा मार्चला करोनाचं निदान झालं आणि चोवीस मार्चला न्यू जर्सीतल्या रुग्णालयात त्यांचं निधन झालं. त्यांचे गुरू ग्रे कुन्झ त्याच महिन्याच्या पाच तारखेला वारले होते.

चोवीस मार्च २०२० ही तारीख आपल्याला वेगळ्या कारणाने आठवते. त्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी देशभर टाळेबंदी जाहीर केली. हॉटेलं तर त्याआधीच बंद होऊ लागली होती. त्यानंतरचे कित्येक महिने आपण सगळे घरचं जेवलो, घरी शिजवलं. ज्यांनी कधी चहा केला नव्हता त्या पुरुषांनी भाकरी थापायचा प्रयत्न केला आणि मग त्यांना कळलं की, पीठ मळणं हे काम आहे. घरच्या अन्नाची किंमत साऱ्या देशाला एकाच वेळी कळावी आणि ती कळावी म्हणून जन्मभर झटलेला माणूस त्याच दिवशी जावा!

पुढे काय झालं? त्यांच्या पश्चात त्यांच्या पत्नीने त्यांचे मसाले न्यूयॉर्कच्या बाजारात आणले. त्यात एक गोव्याचाही आहे. बॉम्बे कॅन्टीनने २०२५ मध्ये दहा वर्षं पूर्ण केली. आमच्याकडच्या भाषेत सांगायचं तर हे खातं नियमित आहे. आणि न्यूयॉर्कमध्ये? २०२२ मध्ये मुंबईचेच चिंतन पंड्या यांना ‘धमाका’ या रेस्टॉरंटसाठी न्यूयॉर्क राज्यातले सर्वोत्तम शेफ म्हणून जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाला. त्यांच्याच समूहाचं ‘सेम्मा’ तमिळनाडूच्या खेड्यापाड्यांतलं जेवण वाढतं. त्याला मिशेलिनचा तारा मिळाला आणि २०२५ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने शहरातल्या शंभर उत्तम रेस्टॉरंटांच्या यादीत त्याला पहिलं स्थान दिलं. कार्डोझ यांना अमेरिकन गिऱ्हाइकासाठी उपम्याला ‘पोलेन्टा’चं शेपूट लावावं लागलं होतं. आता ते लावावं लागत नाही. या दोन गोष्टींच्या मधल्या रस्त्यावर बंद पडलेला एक तबला आहे.

ताळेबंद म्हणून पाहिलं तर न्यूयॉर्कमध्ये कार्डोझ यांचं एकही रेस्टॉरंट त्यांच्या मागे उरलं नाही. बँकेच्या वहीत याला काय म्हणतात, ते मला चांगलं माहीत आहे. पण काही कर्जं देणाऱ्याच्या हयातीत परत येत नाहीत. ती पुढच्यांच्या खात्यात जमा होतात.

प्रश्न आपला उरतो. आपल्यातला कोणीही पोराच्या वाढदिवसाला पिझ्झ्याचे हजार-बाराशे रुपये न कुरकुरता देतो आणि थालीपीठ दीडशेला मिळालं की ‘घरी दहा रुपयांत होतं’ असा हिशेब मांडतो. त्या दहा रुपयांत भाजणी भाजणाऱ्या बाईचे दोन तास कधीच धरलेले नसतात. हॉटेलातल्या थालिपिठाची किंमत आपल्याला जास्त वाटते, कारण घरच्या थालिपिठाची मजुरी आपण आजवर कोणाला दिलेलीच नाही.

मजुरी देता येईल न येईल. पण आज रविवार आहे. नाश्त्याला उपमा असला तर ‘काय, उपमाच का?’ असं म्हणण्याआधी रवा किती वेळ भाजला, एवढं तरी विचारून पाहा.